बहुमताचा कौल आणि एकट्याचे घर

बडोद्यातील जुन्या सोसायट्यांमध्ये सध्या रीडेव्हलपमेंटचा विषय निघाला नाही अशी सभा क्वचितच होत असेल. इमारती जुन्या झाल्या, लिफ्ट नाही, स्लॅब गळतात. बिल्डर प्रस्ताव घेऊन येतो, बहुतेक जण सह्या करतात आणि दोन-चार घरे अडून राहतात. मग एकीकडून विचारले जाते, "बहुमत झाले ना, आता कशाला अडवता?" आणि दुसरीकडून उत्तर येते, "घर माझे, ठरवणारे तुम्ही कोण?" आपल्या अनेक सभासद कुटुंबांनी हे दोन्ही प्रश्न ऐकले असतील. दोन्ही रास्त आहेत, आणि म्हणूनच ते सोडवणे अवघड जाते.

गुजरातमध्ये पूर्वी व्यवहारात सर्वांची संमती लागे. एकाने नकार दिला की काम थांबायचे. गुजरात ओनरशिप फ्लॅट्स कायद्यात दुरुस्ती होऊन २०१९ पासून चित्र बदलले. २५ वर्षे पूर्ण झालेली किंवा धोकादायक ठरलेली इमारत असेल, तर ७५ टक्के फ्लॅटधारकांच्या संमतीने पुनर्विकास करता येतो. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ च्या शासन निर्णयाने हेच प्रमाण ५१ टक्क्यांवर आले. एकाच्या हट्टापायी शंभर जणांनी मोडकळीस आलेल्या इमारतीत राहावे, हे कोणीच मान्य करणार नाही. पण टक्का ठरला म्हणजे न्याय झाला असेही नाही. उरलेल्या २५ किंवा ४९ टक्क्यांचे काय, याचे उत्तर आकड्यात नसते.

हाच प्रश्न फार मोठ्या स्वरूपात सर्वोच्च न्यायालयापुढे होता. मुंबईतील जुन्या, उपकरप्राप्त चाळींसाठी म्हाडा कायद्यात १९८६ साली प्रकरण ८-अ घालण्यात आले. इमारतीतील ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर सरकारने ती इमारत संपादन करून त्यांना द्यावी आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मिळावी, अशी ही तरतूद. भाडी तर भाडेनियंत्रणामुळे कित्येक दशके गोठलेली. समजा एका खोलीचे भाडे ५० रुपये, तर त्या खोलीपोटी मालकाला ५,००० रुपये, तेही मुंबईत!

भाडेकरूंची बाजू खोटी नव्हती. भाड्यात परवडत नाही म्हणून मालक दुरुस्ती करत नव्हते, इमारती कोसळत होत्या, माणसे मरत होती. पण या व्यवस्थेत संपादनाची मागणी करणारे आणि तिचा लाभ घेणारे एकच होते, आणि किंमत मोजणारा त्या ७० टक्क्यांत नव्हता. बहुमताची खरी कसोटी अशा ठिकाणी लागते. घेणारेच मोजणी करू लागले, तर ती मोजणी निःपक्षपाती राहत नाही.

मालकांच्या संघटनेने १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालय गाठले. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यघटनेच्या कलम ३९(ब)चा अर्थ स्पष्ट केला. 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' या शब्दांत प्रत्येक खासगी मालमत्ता आपोआप येत नाही, असे सात न्यायमूर्तींच्या बहुमताने म्हटले. काही खासगी मालमत्ता येऊ शकते. पण त्यासाठी तिचे स्वरूप, समाजावरील परिणाम, तिची दुर्मिळता आणि ती मोजक्या हातांत एकवटल्याचे परिणाम पाहावे लागतील. न्या. नागरत्ना यांनी काही मुद्द्यांवर वेगळे मत दिले, तर न्या. धुलिया यांनी पूर्ण असहमती नोंदवली. म्हणजे या प्रश्नावर न्यायमूर्तींमध्येही मतभेद राहिले.

मालमत्तेचा हक्क आज मूलभूत हक्क नाही. ४४ व्या घटनादुरुस्तीने २० जून १९७९ पासून तो त्या यादीतून गेला आणि कलम ३००-अ मध्ये आला: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. हक्क दुबळा झाला, नाहीसा झाला नाही. हिमाचल प्रदेशात एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी घेतली गेली आणि भरपाई दिलीच नाही. इतकी वर्षे जमीन आमच्या ताब्यात आहे म्हणजे ती आमचीच, असा युक्तिवाद सरकारने केला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळून भरपाईचा आदेश दिला. रस्ता लोकांच्या सोयीचाच होता. पण त्याचा भार एकट्या बाईने पन्नास वर्षे वाहिला.

मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने कलम ३००-अ मध्ये सामावलेले सात हक्क सांगितले. मालकाला नोटीस मिळावी. त्याचे म्हणणे ऐकले जावे. कारणांसह निर्णय कळावा. संपादन सार्वजनिक कामासाठीच असावे. रास्त भरपाई मिळावी. प्रक्रिया वेळेत चालावी. आणि ती शेवटास जावी.

हे बंधन सरकारवर आहे, सोसायटीवर नाही. तरीही आपल्या सभांसाठी याहून चांगला मापदंड सापडणार नाही. प्रस्तावाची पूर्ण प्रत प्रत्येक घरी सभेआधी पुरेसे दिवस पोहोचली का? बिल्डरने दिलेल्या क्षेत्रफळाची आणि किमतीची तपासणी स्वतंत्र व्हॅल्युअरकडून झाली का? काम अडले तर भाडे कोण देणार, त्यासाठी बँक गॅरंटी आहे का? विरोध करणाऱ्याचे आक्षेप इतिवृत्तात आले का, आणि त्यांना लेखी उत्तर मिळाले का? तळमजल्यावरच्या दुकानदाराला किंवा पंचाहत्तरीच्या आजींना तीन वर्षे भाड्याच्या घरात काढणे इतरांहून जड जाते. त्यांच्यासाठी वेगळी सोय झाली का?

ही उत्तरे मिळाल्यावरही कोणी अडून बसला, तर बहुमताने पुढे जावे. तेथे एकट्याला नकाराधिकार नाही. पण उत्तरे न देता केवळ सह्यांची यादी पुढे करणे म्हणजे निर्णय घेणे नव्हे, ते दडपण आहे. आणि आज ७५ टक्क्यांत असलेला सभासद उद्या पार्किंगच्या, दुरुस्तीच्या किंवा रस्तारुंदीच्या प्रश्नावर २५ टक्क्यांत असू शकतो. त्या दिवशी आपल्याला जशी वागणूक हवी असेल, तशी आज समोरच्याला द्यावी. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर पुनर्विकास असेल, तर वरचे पाच प्रश्न आधीच लेखी विचारावेत.