आश्वासन

‘समुपदेशन’ हा शब्द हल्लीं रुग्णालयांतील दारांवरच्या पाट्यांवर दिसतो. शब्द नवा आहे, व त्यांत ‘उपदेश’ दडलेला असल्यामुळें आधींच खचलेल्या माणसास तो उगाच धास्तावतो. आमच्या मतें या कामाला आपल्या भाषेंत अधिक नेमका शब्द आहे, तो ‘आश्वासन’. पुढाऱ्यांच्या भाषणांनीं त्याचें मोल उतरविलें असलें, तरी त्याचें मूळ ‘श्वस्’ या धातूंत आहे. घाबरलेल्याला पुन्हां श्वास घेऊं देणें हा त्याचा खरा अर्थ. हें आम्हांस व्याकरणानें शिकविलें होतें. उमगलें मात्र सोलापुरांतील एका रुग्णालयांत, खाटेपाशीं.

त्या खाटेवर आमचा एक जुना विद्यार्थी होता. (त्याच्या संमतीनें, व ओळख पटेल असें सर्व वगळून, हें लिहीत आहों.) ताप, खोकला व झडत चाललेलें शरीर घेऊन तो कित्येक महिने घरींच राहिला होता. लोकलज्जेनें तपासणी लांबली, अखेर एच. आय. व्ही. व क्षय दोन्ही निघाले, तेव्हां प्रतिकारशक्ति पार खालावलेली. आम्ही भेटीस गेलों असतां त्यानें आपल्या उशाशीं असलेला पाण्याचा पेला आमच्यापुढें केला, आणि आमचा हात क्षणभर अडखळला. त्यानें तें पाहिलें व मान वळविली. क्षय हवेंतून पसरतो, म्हणून तोंडावर फडकें बांधणें युक्तच होतें; पण पेल्यानें वा एका पंक्तीस जेवल्यानें एच. आय. व्ही. लागत नाहीं, हें आम्हांस ठाऊक होतें. तें ज्ञान हातांत उतरलें नव्हतें, इतकेंच.

तेवढ्यांत समुपदेशक बाई आल्या. त्यांनीं प्रथम आम्हां सर्वांस बाहेर बसविलें. आंत काय झालें, तें त्यानें पुढें सांगितलें. बाईंनीं विचारलें, “सगळ्यांत जास्त भीति कशाची वाटते?” तो म्हणाला, “आईला कळण्याची.” बाई म्हणाल्या, “कोणाला सांगायचें तें तुम्हीं ठरवायचें. पत्नीची तपासणी मात्र लांबवूं नका. सांगतांना मी शेजारीं बसतें.” रुग्णाची गोष्ट गुप्त राखणें ही केवळ सौजन्याची बाब नव्हे, २०१७ सालचा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत असून त्यानें तसें बंधन घातलें आहे.

मग त्यांनीं घरच्यांस आंत बोलावून औषधांचा क्रम समजाविला. आधीं क्षयाचें औषध, तें सुरू झाल्यावर एच. आय. व्ही.चें, मेंदूच्या आवरणास विकार असल्यास दुसऱ्यासाठीं कांहीं आठवडे थांबावें लागतें. हा विलंब हयगय नव्हे. पुढें निजलेली प्रतिकारशक्ति जागी होऊन दडलेल्या जंतूंवर तुटून पडते, त्यामुळें कधीं ताप वाढतो, गांठी सुजतात. ‘औषध बाधलें’ असें समजून घरचे लोक गोळ्या बंद करतात, आणि तेथेंच घात होतो. अशा वेळीं गोळ्या न सोडतां तत्काळ डॉक्टरांस गांठावें.

हीं औषधें सरकारी रुग्णालयांत २००४ पासून विनामूल्य मिळूं लागलीं. येथील सर्वोपचार रुग्णालयांतहि त्याचें केंद्र आहे. नियमानें गोळ्या घेऊन रक्तांतील विषाणू तपासणींत न दिसण्याइतका घटला व तसाच राहिला, तर दाम्पत्यसंबंधांतून तो जोडीदारास लागत नाहीं. या ज्ञानाचा पाया घालणाऱ्या, २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय अभ्यासांत आपल्या पुण्याचाहि वांटा होता.

एवढें असूनहि माणसें उशीरां कां येतात? आमच्यासारख्या सुशिक्षित घरांतून असल्या रोगाचें नांव निघालें कीं प्रथम चारित्र्याची चौकशी होते, आणि भांडें वेगळें ठेवलें जातें. घरांतील वडील माणसें काय बोलतात, हें तरुण कान देऊन ऐकत असतात. उद्यां त्यांतला एखादा आजारी पडला, तर आपल्याला सांगावें कीं नाहीं, हें तो त्या बोलण्यावरूनच ठरवितो.

गेल्या दसऱ्यास तो विद्यार्थी सोनें द्यावयास आमच्या घरीं आला. अंगावर मांस चढलें होतें. त्याची आईहि बरोबर होती. तिला त्यानें स्वतःच सांगितलें होतें. त्याच्या अर्ध्या भरलेल्या पेल्यांतलें पाणी आम्हीं मागून घेतलें व प्यालों. तेंहि त्यानें पाहिलें.