थंडी एक, हिशेब वेगळे: पारा घसरल्यावर पाणी कोणाला द्यायचे आणि कोणाचे तोडायचे?

राज्यात थंडीचा कडाका वाढला की मोबाईलवर एकच संदेश फिरू लागतो. ‘पिकांना रात्री पाणी द्या, बागेत शेकोट्या पेटवा.’ निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला तो येतो, वरुडच्या संत्रा उत्पादकाला येतो आणि देवगडच्या आंबा बागायतदारालाही येतो. द्राक्षाला त्यातला काही भाग लागू पडतो. पण ताणावर सोडलेल्या संत्रा बागेत हा सल्ला पाळला, तर आंबिया बहारच बिघडतो. म्हणून थंडीच्या बातमीपेक्षा आधी आपले पीक कोणत्या अवस्थेत आहे ते पाहा. खर्च करायचा की हात आखडता घ्यायचा, हे त्यावरच ठरते.

बातमीतला पारा आणि शेतातला पारा

हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली जाऊन सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी घटले, की थंडीची लाट मानली जाते. पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली गेला, तर सरासरी न पाहताही लाट जाहीर होते. किनारपट्टीसाठी हीच मर्यादा १५ अंशांची आहे. म्हणजे रत्नागिरीत १५ अंशांना ‘लाट’ असू शकते आणि त्याच दिवशी जळगावात ११ अंश असूनही ती नसते.

बातमीत येणारे तापमान जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर, सावलीतल्या पेटीत मोजलेले असते. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीलगत ते आणखी २ ते ४ अंशांनी कमी असू शकते. नदीकाठची, नाल्यालगतची, खोलगट रानेही जास्त गारठतात, कारण थंड हवा जड असल्याने उताराने खाली येऊन साचते. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडचा पारा २ अंशांच्या आसपास आला, तेव्हा पानांवरचे दव गोठले होते. हवेत शून्य अंश नसतानाही पानावर बर्फ का दिसतो, याचे उत्तर या फरकात आहे.

यासाठी एक साधा तापमापक पिकाच्या उंचीवर टांगा आणि पहाटे पाच ते सूर्योदय या वेळेत पाहा. रात्रीतले सर्वांत कमी तापमान बहुधा याच वेळी असते. चार दिवसांच्या नोंदीवरून तुमचे शिवार बातमीतल्या आकड्यापेक्षा किती थंड आहे, याचा अंदाज येईल.

ज्यांना ही थंडी हवी आहे

गव्हाला थंडी मानवते. फुटवे जास्त येतात आणि दाणे भरण्याचा काळ लांबतो. येथे काम एकच, पाण्याची पाळी चुकवू नका. पेरणीनंतर साधारण २१ दिवसांनी येणारी मुकुटमुळे फुटण्याची अवस्था सर्वांत महत्त्वाची.

हरभऱ्यालाही कोरडी थंडी चालते. फक्त कडाक्याच्या थंडीत फुले लागली, तर घाटे धरायला उशीर होतो. फुले दिसूनही घाटे धरत नाहीत म्हणून घाईने फवारणी करू नका. पारा चढला की घाटे धरू लागतात. भारी जमिनीत ‘थंडी आहे’ म्हणून जास्तीचे पाणी देऊ नका. त्याने पीक माजते, मुळे गुदमरतात आणि मर वाढते.

विदर्भातल्या संत्रा बागांना आंबिया बहारासाठी थंडी आणि पाण्याचा ताण दोन्ही लागतात. डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत ताणावर असलेल्या बागेला ‘थंडीपासून संरक्षण’ म्हणून पाणी दिले, तर ताण मोडतो आणि फुलांऐवजी नवती फुटण्याचा धोका असतो. या बागेचे पाणी तोडलेलेच राहू द्या. झाडावर मृग बहाराची फळे असतील, तर मात्र हा नियम लावू नका. तिथे हलके, नियमित पाणी चालू ठेवा.

ज्यांना ती मारक आहे

केळी (खानदेश): तापमान १६ अंशांखाली गेले की केळीची वाढ मंदावते, नवीन पाने उशिरा येतात. १० ते १२ अंशांखाली निसवण अडते, घड खोडातच अडकून वाकडा निघतो आणि फळांच्या सालीखाली तपकिरी रेषा दिसतात. रावेर, यावल, चोपडा भागातल्या कोवळ्या कांदेबागेला आणि निसवणीवर आलेल्या बागेला सर्वाधिक जपा. निसवलेले घड सच्छिद्र पॉलिथिन पिशवीने झाका. बागेच्या उत्तर बाजूला वारा अडवणारी शेवरी किंवा गजराज गवत नसेल, तर यंदापुरते हिरव्या जाळीचे कुंपण करा. हिरवी पाने कापू नका.

द्राक्ष (नाशिक, सांगली, सोलापूर): मण्यांत पाणी उतरण्याच्या अवस्थेत दिवस आणि रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडला, की मणी तडकतात आणि काही वाणांत गुलाबी होतात. थंड रात्री पानांतून पाणी फारसे उडत नाही. मुळांनी घेतलेले पाणी मण्यांत साठते आणि साल फाटते. म्हणून एकदम भरपूर पाणी देऊ नका. ठिबकने रोज थोडे थोडे द्या आणि वाफसा टिकवा. मणी गुलाबी होऊ नयेत म्हणून घड कागदाने झाकायचे असतील, तर ते पाणी उतरण्यापूर्वी. नंतर झाकल्याने उपयोग होत नाही. कोरड्या थंडीत भुरीवर लक्ष ठेवा. निर्यातीच्या बागेत काढणीपूर्व प्रतीक्षा काळ मोजल्याशिवाय कोणतीही फवारणी करू नका.

रब्बी ज्वारी (मराठवाडा, सोलापूर): फुलोऱ्यात पारा १० अंशांखाली गेला, तर परागकण निकामी होऊन कणसात दाणे कमी भरतात. उशिरा पेरलेल्या रानांत हा धोका जास्त. पाणी उपलब्ध असेल, तर या अवस्थेत एक पाळी द्या.

टोमॅटो, मिरची, वांगी: फुलगळ होते, फळे वेडीवाकडी येतात. रोपवाटिका संध्याकाळी झाका आणि सकाळी ऊन आल्यावर उघडा. रब्बी कांद्यात लागवडीनंतर थंडी लांबली की डेंगळे वाढतात. जून झालेली रोपे लावू नका.

आंबा (कोकण): थंडीने मोहोर येतो, पण ती लांबली तर नर फुले वाढतात आणि फळे धरलेल्या फांदीवर पुन्हा मोहोर येऊन आधीची फळे गळतात. हा पुनर्मोहोर रोखण्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ५० पीपीएम जिबरेलिक ॲसिडची शिफारस आहे, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम. फवारणीची वेळ मोहोराच्या अवस्थेवर ठरते, ती कृषी सहाय्यकाकडून निश्चित करून घ्या. फळे वाटाण्याएवढी झाल्यावर प्रत्येक झाडाला १५० ते २०० लिटर पाणी, १५ दिवसांच्या अंतराने तीन वेळा दिल्यास गळ कमी होते.

रात्रीच पाणी द्यायला हवे का?

हा प्रश्न पिकाएवढाच माणसाचा आहे. थ्री-फेज वीज रात्रपाळीला असली, की शेतकरी ६-७ अंशांत ओल्या पायांनी बांधावर उभा राहतो. नाशिक, अहिल्यानगर, जुन्नर पट्ट्यात त्यात बिबट्याची भीती. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते, म्हणून पहाटेच्या पाण्याचा फायदा होतो हे खरे. पण तेवढाच एक मार्ग नाही.

ओली जमीन दिवसा उन्हाची उष्णता जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. कोरडी, भेगाळलेली जमीन लवकर थंड होते. त्यामुळे ज्यांच्याकडे दिवसपाळी किंवा सौर पंप आहे, त्यांनी दुपारपर्यंत हलके पाणी दिले तरी रात्री संरक्षण मिळते. सरी तुडुंब भरू नका, वरची माती ओली झाली की पुरे. रात्री जाणे टळणारच नसेल, तर एकट्याने जाऊ नका, बॅटरी आणि गमबूट वापरा आणि घरी सांगून निघा.

शेकोटीबाबतही स्पष्ट सांगायला हवे. वारा पडलेला असेल तरच धूर बागेत थांबतो, वाऱ्यात तो काही मिनिटांत उडून जातो. बांधावर चार-पाच ठिकाणी ओलसर काडीकचऱ्याचे छोटे ढीग पहाटे धुमसते ठेवा. टायर, प्लॅस्टिक जाळू नका. शेकोटी हा शेवटचा आधार आहे. पाणी, आच्छादन आणि वारा अडवणे यांची जागा ती घेऊ शकत नाही.

खर्च कुठे थांबवायचा

थंडीत मुळांचे काम मंदावते. अशा वेळी जास्तीचा युरिया किंवा दुकानात सुचवलेले टॉनिक पिकाला फारसे लागत नाही, खिशाला मात्र लागते. पाने पिवळसर दिसली तरी आधी चार दिवस ऊन पडू द्या, मग निर्णय घ्या. नुकसान किती हे पाहिल्याशिवाय केळीचा बाग मोडू नका.

फळपिकांना हवामान आधारित विमा घेतला असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. या विम्यात कमी तापमानाची भरपाई ठरते ती हवामान केंद्राच्या नोंदीवर, तुमच्या बागेच्या पंचनाम्यावर नाही. तुमच्या पिकासाठी किती अंश आणि सलग किती दिवस ही अट आहे, ते विमा कागदपत्रात आजच पाहा. मंडळातले केंद्र बंद किंवा नादुरुस्त दिसले, तर कृषी कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या.

कृषी सहाय्यक आणि विस्तार कार्यकर्त्यांना एक विनंती. संपूर्ण जिल्ह्याला एकच संदेश पाठवू नका. ‘निसवणीतील केळी’, ‘ताणावरील संत्रा’, ‘पाणी उतरणारे द्राक्ष’ अशी अवस्था लिहूनच सल्ला द्या. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारी कृषी हवामान पत्रिका आणि मेघदूत ॲपवरील अंदाज यांची जोड दिली, तर शेतकऱ्याला दोन-तीन दिवस आधी तयारी करता येते.

आज संध्याकाळी एवढे करा: तापमापक टांगा, पिकाची अवस्था वहीत लिहा आणि शेजाऱ्याने पाणी सोडले म्हणून मोटर चालू करण्याआधी ती वही एकदा पाहा.