प्रयोगशाळेतला बोर्ड शेतात टिकेल का?

हवामान केंद्रे, हरितगृहे, शीतगृहे आणि सिंचन नियंत्रण यांसाठी कृषी संशोधनात सिंगल बोर्ड संगणकांचा वापर वाढत आहे. प्रोसेसर, मेमरी आणि जोडण्या एकाच बोर्डावर सामावणारा हा संगणक आटोपशीर व स्वस्त असतो. मात्र त्याची निवड पुष्कळदा केवळ वेग आणि किंमत पाहून होते. शेतातील उपकरणासाठी हे निकष अपुरे आहेत.

पहिला प्रश्न तापमानाचा. रास्पबेरी पाय ४ या लोकप्रिय बोर्डासाठी उत्पादकाने ० ते ५० अंश सेल्सिअस ही मर्यादा दिली आहे. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमानाची नोंद झाली. भर उन्हातील बंद पेटीत उष्णता त्याहूनही वाढते, तर लडाखच्या हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली उतरतो. औद्योगिक श्रेणीतील अनेक बोर्ड उणे ४० ते ८५ अंशांपर्यंत काम करतात.

दुसरा प्रश्न विजेचा. नोंद लिहिली जात असतानाच वीज गेली, तर मेमरी कार्डावरील माहिती बिघडू शकते. बोर्डावरच बसवलेली ईएमएमसी साठवण तुलनेने भरवशाची ठरते. प्रणाली गोठल्यास ती आपोआप पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग टायमर आणि बॅटरीवर चालणारे घड्याळही तितकेच आवश्यक आहे. घड्याळ नसेल आणि इंटरनेटही नसेल, तर वीज परतल्यावर नोंदी होतात, पण त्यांची वेळ चुकते. अशी चूक लवकर लक्षात येत नाही, म्हणून ती अधिक घातक असते. दूरवरच्या संवेदकांसाठी आरएस-४८५ जोडणी असावी. कमी वेगाने तिच्या तारा सुमारे १,२०० मीटरपर्यंत नेता येतात.

औद्योगिक बोर्ड महाग असतो, हे खरे. प्राथमिक चाचणीसाठी साधा बोर्ड पुरेसाही आहे. परंतु खर्चाचा हिशेब बोर्डाच्या किमतीपाशी थांबत नाही. बिघडलेला बोर्ड बदलता येतो. फुलोऱ्याच्या काळातील हुकलेल्या नोंदी मात्र पुढच्या हंगामापर्यंत मिळत नाहीत, आणि तो हंगामही वेगळाच असतो.

म्हणूनच खरेदीच्या अटींमध्ये तापमानमर्यादा, साठवणीचा प्रकार, वॉचडॉग, घड्याळ आणि तोच बोर्ड किती वर्षे उपलब्ध राहील याची हमी, या बाबी स्पष्टपणे नमूद व्हाव्यात. शेतकऱ्याला दिल्या जाणाऱ्या सल्ल्याचा भरवसा अखेर याच नोंदींवर उभा असतो.