घरातला संशयकल्लोळ



नाटकाच्या सरावाला मराठीत तालीम म्हणतात. शब्द मूळचा अरबी, अर्थ शिकवणं. दिघीत आमच्या अकरावीतल्या लेकीच्या नाटकाची तालीम महिनाभर चालली. शिकलो मात्र आम्ही, तिचे आईबाप.

नाटक होतं गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’. त्याचं बीज मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या १६६० सालच्या प्रहसनातलं. ते आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकातून देवलांपर्यंत आलं. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीनं ते संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर आणलं. त्याच मंडळीत पुढे उस्ताद अहमदजान थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी साथीला होती. तेव्हा नाटक म्हणजे आपलं नव्हे, असं म्हणायचं कारण नाही. तरीही लेकीला कृत्तिकेचं काम मिळालं तेव्हा आम्ही आधी सरांना भेटलो. अंगाला हात लागेल असा प्रसंग ठेवणार नाही आणि मगरिबच्या आत मुली घरी पोहोचतील, असा शब्द त्यांनी दिला. मग आम्ही हो म्हटलं.

गोष्ट सोपी आहे. रेवतीच्या हातून अश्विनशेटची तसबीर पडते. ती कृत्तिकेला सापडते. ती तसबीर निरखून बघत असताना नवरा फाल्गुनराव तिला पाहतो आणि त्याचा संशय पेटतो. इकडे कृत्तिकेलाही नवऱ्याचा आणि रेवतीचा संशय. विचारत कुणीच नाही, जो तो पाळत ठेवतो.

तालीम सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. ओट्यावर ठेवलेला लेकीचा मोबाइल उजळला. बरोबरच्या एका मुलाचा निरोप होता : फोटो आणलास ना? घरी कळू देऊ नकोस.

आमच्या पोटात गोळा आला. आम्ही तिला काही विचारलं नाही. रात्री ती झोपल्यावर तिचं दप्तर उघडलं, कपाट चाळलं. काही सापडलं नाही, तर संशय आणखी वाढला. दुसऱ्या दिवशी नणंदेला फोन झाला. ‘बघा हो, मुलींना मोकळीक दिली की असं होतं,’ असं बोलून गेलो. दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. लेक विचारायची, ‘अम्मी, काय झालं?’ उत्तर एकच, ‘काही नाही.’

तिसऱ्या दिवशी न सांगता तालमीला जाऊन थडकलो. आळंदी रोडच्या आतल्या बाजूला एका सोसायटीच्या हॉलमध्ये मुलं उभी होती. लोहगावचं विमान डोक्यावरून गेलं की सर हात वर करायचे, सगळे जागच्या जागी थांबायचे, आवाज विरला की पुढचं वाक्य. फाल्गुनराव झालेला मुलगा हसवण्यासाठी तोंडं वाकडी करत होता. सर म्हणाले, ‘असं नको. फाल्गुनरावाला स्वतःचं बोलणं अगदी खरं वाटतं, म्हणून तर लोक हसतात. खरं काय ते बघणाऱ्यांना ठाऊक आहे, त्याला नाही.’

तेवढ्यात लेक तसबीर घेऊन पुढे आली. जुनी चौकट, काळापांढरा फोटो. बाविसाव्या वर्षी, पहिली नोकरी लागल्यावर स्टुडिओत काढलेला, तिच्या अब्बूंचाच! सरांना जुन्या वळणाचा फोटो हवा होता. तिनं तो ट्रंकेतून काढला होता, आणि प्रयोगाच्या दिवशी आम्हाला चकित करायचं मुलांनी ठरवलं होतं. निरोप पाठवणाऱ्या मुलाकडे नाटकाच्या सामानाची जबाबदारी होती.

घरी येताना सगळं सांगितलं. वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, ‘अब्बू, मला विचारलं का नाही?’

सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत तीन गोष्टींची मनाई एकामागून एक येते : गुमान, दुसऱ्याची टेहळणी आणि गीबत. आयत आम्हाला पाठ आहे. तरी दोन दिवसांत त्याच क्रमानं तिन्ही आमच्या हातून घडल्या. आधी संशय, मग दप्तर, मग नणंदेला फोन. एक पायरी उतरलं की दुसरी आपोआप येते.

दुसरी बाजूही लेकीला सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) एतिकाफमध्ये असताना हजरत सफिया (र.) भेटायला आल्या होत्या. त्यांना सोडायला निघाले असता दोन अन्सारी जवळून गेले. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवून, या माझ्या पत्नी सफिया, असं आपणहून सांगितलं. ज्यांच्यावर कुणी संशय घेणार नाही, त्यांनीही संशयाला जागा ठेवली नाही. तेव्हा घरी कळू न देण्याची गंमत जपूनच करावी. लेकीनं मान्य केलं. पण चूक आधी आमची होती, आणि तिची माफी आम्ही मागितली.

त्याहून अवघड गेला नणंदेला केलेला दुसरा फोन. गीबत करायला पाच मिनिटं लागली होती, ती पुसायला तासभर लागला. आणि ती पुरती पुसली गेली का, हे अल्लाहच जाणे.

प्रयोग छान झाला. फाल्गुनराव तसबीर हिसकावून घेतो तेव्हा सगळा हॉल हसला. आम्हीही हसलो, पण जरा खाली बघून.

वाचकहो, मुलाच्या मोबाइलवर असा निरोप दिसला, तर दप्तराला हात घालण्याआधी त्याला हाक मारा, शेजारी बसवा आणि विचारा.