सरकारचा वकील आणि सरकारचा सल्लागार

भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यासाठी कज्जा लढलेल्या आमच्या सभासद बंधूंस सरकारी वकील चांगला परिचित असतो. परंतु त्या साखळीच्या वरच्या टोकास असलेला अॅडव्होकेट जनरल, म्हणजे हल्लीच्या राजभाषेतील महाधिवक्ता, याच्या कामाचा विचार आपल्यांत क्वचितच होतो.

राज्यघटनेच्या १६५ व्या अनुच्छेदान्वये त्याची नेमणूक राज्यपाल करतात व उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेल्यासच ती जागा मिळते. विधिमंडळात त्यास बोलता येते. मत देता येत नाही. घटनेने त्याचे कर्तव्य सांगताना आरंभी राज्य सरकारास कायद्याचा सल्ला देणे हे काम घातले असून, सोपविलेली इतर कामे त्यामागून येतात. हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. वकिलाने अशिलाची बाजू मांडावी हे ठीकच. पण बाजू लंगडी असल्यास तसे अशिलाच्या तोंडावर सांगणे हे सल्लागाराचे काम होय.

ते न झाल्यास काय होते हे शेतकऱ्यास सांगावयास नको. दाद मागून मोबदला वाढून मिळाला की खात्याचा अंमलदार अपिलाची शिफारस करतो. अपील केल्याबद्दल त्यास कोणी जाब विचारीत नाही, न केल्याबद्दल मात्र विचारतील अशी त्यास धास्ती! इकडे वाढीव रकमेवर ताब्याच्या तारखेपासून पहिल्या वर्षी शेकडा ९ व पुढे शेकडा १५ व्याज देवविण्याची तरतूद १८९४ च्या कायद्यात होती व २०१३ च्या कायद्यातही आहे. एक लाखाच्या वाढीवर दहा वर्षांचे व्याज १,४४,००० रुपये होते. म्हणजे मुद्दलाहून अधिक. हा पैसा करदात्यांचा. आणि तो हाती येईतो शेतकऱ्याजवळ जमीनही नाही व मोबदलाही नाही, केवळ तारखा!

इतर दिवाणी दाव्यांतही हाच प्रकार. सरकारवर दावा आणण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८० व्या कलमाप्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. सरकारने चूक असल्यास ती वेळीच सुधारावी, हा तिचा हेतु. परंतु अशा पुष्कळ नोटिशींस उत्तरच मिळत नाही, अथवा मिळते ते मोघम, असे सर्वोच्च न्यायालयाने सेलम वकील संघाच्या प्रकरणात २००५ साली नमूद केले व उत्तरासाठी जबाबदार अधिकारी नेमण्यास सर्व सरकारांस फर्माविले. (वाचकांनी नोटिशीची पोच मात्र जपून ठेवावी.)

हे पद राज्यपालांच्या, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाच्या, मर्जीवर अवलंबून असल्यामुळे स्पष्ट सल्ला देणे अवघड, असे कोणी म्हणेल. आमच्याच प्रांताचे पूर्वीचे अॅडव्होकेट जनरल मोतीलाल सेटलवाड हे पुढे केंद्रात त्याच तऱ्हेच्या, ॲटर्नी जनरलच्या, पदावर गेले. १९५८ साली मुंदडा प्रकरणी चागला आयोगास त्यांनी साहाय्य केले, ते अर्थमंत्र्यांवर पांघरूण घालण्यासाठी नव्हे. अर्थमंत्र्यांस राजीनामा द्यावा लागला. सेटलवाड मात्र १९६३ पर्यंत पदावर राहिले.

प्रत्येक प्रकरण महाधिवक्त्याने स्वतः वाचावे असे आमचे म्हणणे नाही. ते शक्यही नाही. परंतु किती रकमेखाली व कोणत्या निर्णीत मुद्द्यांवर अपील करू नये, याचा लेखी सल्ला त्याने सरकारास द्यावा. तसेच मोबदल्याची किती अपिले केली, किती हरली आणि व्याजापायी किती रुपये गेले, याचा तक्ता दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावा, अशी मागणी आपापल्या आमदारांकडे करण्यास सभासदांनी या अधिवेशनापासूनच लागावे.