प्रत्येक ओवीचा अर्धा भाग

गेल्या दिवाळी अंकात याच सदराच्या शेवटी मी मोठ्या तोंडाने लिहून बसले होते की पुढच्या वर्षी आजीच्या जात्यावरच्या ओव्यांवर लिहीन. त्यानंतर तुमच्यातल्या कितीतरी जणींचे फोन आले. शारजाच्या एका मैत्रिणीने तर तिच्या सासूबाईंकडून मिळवलेल्या दोन ओव्या पाठवल्या. म्हणून आधी कबुली देते: ओव्यांचा लेख यंदा नाही. त्या हरवल्या कशा, त्याची ही हकीकत आहे. हकीकत हार्ड डिस्कची आहे, म्हणून पान उलटू नका. मी मराठीची एम.ए., सात वर्षं हायस्कूलवर शिकवलेलं. मला समजलं ते तुम्हालाही समजेल.

2018 च्या मे महिन्यात माहेरी, कोरेगाव तालुक्यात, मी आजीला जात्यावर बसवून 43 व्हिडिओ काढले. प्रत्येक ओवी नंतर टाइप करून ठेवली, सोबत तिचा अर्थ आणि ती आजीला कुणी शिकवली तेही. 2020 मध्ये आजी गेली तेव्हा नेहमीची विमानं बंद होती. मी करामातल्या आमच्या हॉलमध्ये बसून सगळं फोनवर पाहिलं. त्यानंतर हे व्हिडिओ नीट जोडायचे, खाली ओळी टाकायच्या, असं मनात घेतलं. पण लॅपटॉपवर ते अडखळत चालायचे. म्हणून बर दुबईतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांच्या रस्त्यावर जाऊन दोन डिस्कचा एक डबा घेतला. प्रत्येक डिस्क चार टेराबाइटची. दुकानातल्या मुलाने विचारलं, "भाभी, चार चाहिए या आठ? आठवाला फास्ट भी है."

आठ आणि वर वेगवान! चार कोण म्हणेल?

आता गंमत बघा. आमच्या घरातला माणूस युनिक्स सर्व्हर सांभाळतो. जेबेल अलीत त्याचं ऑफिस आहे. त्याच महिन्यात तो रात्र-रात्र घरी येत नव्हता, कारण तिथला महिनाअखेरचा अहवाल सहा-सहा तास चालायचा. सर्व्हरला सहा डिस्क. साहेबांचं म्हणणं, मशीन जुनं झालं, नवीन घ्या. याने 'आयओस्टॅट' नावाची एक साधी आज्ञा चालवून पाहिली. कोणती डिस्क किती वेळ कामात आहे, ते ती दाखवते. एक डिस्क जवळजवळ शंभर टक्के वेळ धापा टाकत होती, बाकीच्या पाच निवांत. सगळे रोजचे व्यवहार त्या एकीवरच साठवलेले.

रात्री जेवताना हे ऐकलं आणि मला आमचा स्टाफरूम आठवला. समजा चार बाई पेपर तपासायला बसल्यात आणि वर्गवार गठ्ठे वाटलेत. हेडमास्तरांना आज फक्त 'अ' वर्गाचे गुण हवेत. मग 'अ'वाल्या बाईंनी मान मोडेपर्यंत तपासायचं आणि बाकी तिघींनी चहा प्यायचा. त्याऐवजी प्रत्येक उत्तरपत्रिकेची पानं सोडवून वाटली, पहिला प्रश्न हिला, दुसरा तिला, तर कोणताही वर्ग मागा, चौघीही एकदम कामाला लागतात. याला डिस्कच्या भाषेत स्ट्रायपिंग म्हणतात, म्हणजे पट्टे पाडणं. फाइलचे ठरावीक मापाचे तुकडे करायचे आणि पत्ते वाटावेत तसे सगळ्या डिस्कवर वाटत जायचं.

पण यात वेग नेमका कुठे वाढतो, हे मी त्याला खोदून विचारलं. फिरती डिस्क मिनिटाला 7200 फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला 120, एका फेरीला साधारण 8 मिलिसेकंद. हवा तो भाग सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी लागते, शिवाय सुई जागेवर सरकायला 8-9 मिलिसेकंद. म्हणजे इकडे-तिकडे विखुरलेल्या बारीकसारीक मागण्या असतील, तर एक डिस्क सेकंदाला 80 च्या आसपासच पुरवू शकते. डिस्क कितीही जोडा, हा एका मागणीचा वेळ काही कमी होत नाही. सुपरमार्केटात दुसरा काउंटर उघडला म्हणून तुमची पिशवी लवकर भरत नाही, फक्त रांग दुभागते. मोठी, सलग फाइल असेल तेव्हा मात्र खरी बहार. एक डिस्क सेकंदाला 150 मेगाबाइट देत असेल, तर चार गिगाबाइटचा व्हिडिओ 27 सेकंदांत वाचून होतो, दोन डिस्कवर पट्टे पाडले की 14 सेकंदांच्या आत.

तुकड्याचं माप किती, यातही गोम आहे. तुकडे फार बारीक ठेवले तर साध्या मागणीलाही सगळ्या डिस्क हलवाव्या लागतात. शंभर माणसं एकाच वेळी मागत असतील, तर त्याने उलट खोळंबाच होतो. मग तुकडे मोठे हवेत, म्हणजे एका मागणीला एकच डिस्क आणि बाकीच्या दुसऱ्यांसाठी मोकळ्या. ऑफिसात त्याने तेच केलं. आणि डिस्कच्या जोड्या लावल्या, प्रत्येकीची हुबेहूब नक्कल शेजारी, आणि पट्टे या जोड्यांवर पाडले. अहवाल दोन तासांच्या आत यायला लागला. नवीन मशीन आलं नाही. साहेबांनी आभार मानल्याचं ऐकिवात नाही.

इतकं सगळं मी ऐकलं, हुं हुं म्हटलं, पण हॉलमधल्या आपल्या डब्यातही हेच पट्टे आहेत आणि तिथे जोडी मात्र नाही, हे डोक्यातच आलं नाही. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लॅपटॉप बदलताना जुन्यावरचे व्हिडिओ मी स्वतःच्या हाताने पुसले. डब्यात आहेत ना!

यंदा जुलैत आम्ही गावी गेलो होतो. परत आलो तर एका डिस्कमधून टक-टक असा आवाज येत होता. बंद घरातल्या उकाड्याने गेली की वयाने, कोण सांगणार. माझा पहिला विचार अगदी बाळबोध होता: दोनातली एक गेली, म्हणजे निम्म्या ओव्या गेल्या, निम्म्या राहिल्या. नवरा काही बोलला नाही. मग त्याने माझंच स्टाफरूमचं उदाहरण मला परत ऐकवलं. दुसऱ्या प्रश्नाची पानं घेऊन एक बाई निघून गेल्या, तर किती मुलांचा निकाल लागेल? निम्म्यांचा नाही. एकाचाही नाही.

दीड गिगाबाइटच्या एका व्हिडिओचे, 64 किलोबाइटला एक, असे तेवीस हजारांच्या आसपास तुकडे होतात. उरलेल्या डिस्कवर त्यातला एकाआड एक. एक तुकडा म्हणजे आजीच्या आवाजाचा सेकंदाचा जेमतेम शंभरावा भाग. आणि व्हिडिओचं चित्र आधीच्या चित्रावर टेकलेलं असतं, मधला टेकू गेला की पुढचं उभं राहत नाही. गेलेली डिस्क दुरुस्ती करणाऱ्यांना दाखवली. आतल्या तबकडीवरच ओरखडे होते.

या प्रकाराचं नाव 'रेड शून्य'. 'रेड' ही कल्पना 1988 मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी निबंध लिहून मांडली. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त, लहान डिस्क एकत्र जोडा, असं त्यांचं म्हणणं. (आपल्याकडे पुण्यात सी-डॅक सुरू झालं तेही 1988 मध्येच, आणि आपल्या अकोला जिल्ह्यातल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये 'परम 8000' झाला तो याच धाटणीने, लहान प्रोसेसर पुष्कळ जोडून.) पण त्या निबंधात एक हिशेब आहे, तो दुकानातल्या मुलाने मला सांगायला हवा होता. एक डिस्क सरासरी 30,000 तास टिकते असं धरलं, तर तशा शंभर डिस्क एकत्र केल्यावर त्यांतली पहिली बंद पडायला सरासरी 300 तास लागतील. दोन आठवडेसुद्धा नाहीत! म्हणून त्यांनी सुचवलेल्या एक ते पाच या पाचही प्रकारांत काही ना काही जास्तीचं राखून ठेवलेलं आहे. शून्य त्यांच्या यादीतच नव्हतं, ते नाव नंतर पडलं. शून्य म्हणजे राखीव काही नाही.

राखून ठेवणं म्हणजे दर वेळी पूर्ण नक्कलच असते असं नाही. तीन प्रश्नांचे गुण 8, 6 आणि 7, आणि चौथ्या बाईंकडे फक्त बेरीज, 21. मधल्या बाईंचे कागद हरवले तरी वजाबाकी करून 6 परत मिळतात. खऱ्या डिस्क बेरजेऐवजी सम-विषम बघतात, पण तत्त्व हेच. फुकट मात्र नाही. एक गुण बदलला की जुना गुण बघा, जुनी बेरीज बघा, दोन्ही नव्याने लिहा, म्हणजे एका कामाची चार कामं. म्हणून सतत लिहिणाऱ्या सर्व्हरवर नवऱ्याने हे न वापरता जोड्या लावल्या.

मग एका शुक्रवारी त्याला काय सुचलं कोण जाणे. म्हणाला, "तू टाइप केलेल्या फाइली केवढ्या होत्या?" दोन-तीन किलोबाइट. म्हणजे 64 च्या एका तुकड्यात त्या पूर्ण मावतात! निम्म्या तरी या उरलेल्या डिस्कवर अखंड असणार. नावं, यादी सगळी विस्कटलेली, पण मजकूर असणार. आधी त्याने त्या डिस्कची पूर्ण प्रत काढली, मूळ डिस्क बाजूला ठेवली आणि प्रतीवर शोध लावला. काय शोधलं? देवनागरी. आपलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा कॉम्प्युटरमध्ये तीन बाइटचं असतं. पहिला बाइट कायम एकच आणि दुसरा दोनपैकी एक. अब्जावधी अंकांच्या त्या राडारोड्यात ही खूण जिथे जिथे ओळीने येते, तिथे मराठी. रात्री अडीच वाजता पडद्यावर आजीची पहिली ओळ उमटली तेव्हा मी चहा ठेवायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

43 पैकी 24 मिळाल्या. शब्द मिळाले, आवाज गेला. हेमा राईरकर आणि गी प्वात्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्याही बऱ्याचशा आधी कागदावरच उतरल्या, असं म्हणून मी स्वतःची समजूत काढते. ती पुरत नाही. आजी 'बाई' म्हणताना किती लांबवायची, ते मी लिहून ठेवलेलं नाही.

डबा आता नव्याने लावलाय. दोन डिस्क, एकीची नक्कल दुसरीवर, आठाऐवजी चार. चुकून पुसलं तर दोन्हीकडचं एकदम पुसतं, म्हणून तिसरी प्रत साताऱ्याला भावाकडे. व्हिडिओ जोडायचं काम मात्र मी अजूनही पट्ट्यांच्याच एका डब्यावर करते. तिथे वेग हवाच असतो, आणि तिथलं गेलं तरी मूळ दुसरीकडे असतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी चुलत आजीला, म्हणजे आजीच्या धाकट्या जावेला, फोन लावला. तिला त्या 24 एकेक करून वाचून दाखवल्या. सातवीला तिने मला थांबवलं. "ही तुझ्या आजीची न्हाई गं. ही माझी. मीच तिला शिकिवली हुती." आणि फोनवरच म्हणायला लागली. ती अकरा मिनिटं माझ्या फोनवर, डब्यात आणि साताऱ्याला अशी तीन ठिकाणी आहेत. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. जानेवारीची तिकिटं काढली आहेत.