कोड फ्रीझमध्ये, डोकं बाहेर!

डिसेंबर उजाडला की हिंजवडीतल्या आयटीवाल्यांच्या तोंडी एक शब्द हमखास येतो... ‘फ्रीझ’! छे हो, थंडीचा काही संबंध नाही. हा असतो कोड फ्रीझ. म्हणजे नाताळच्या आसपास लाइव्ह वेबसाइटवर नवीन काहीही चढवायचं नाही. साधा बटणाचा रंगसुद्धा बदलायचा नाही! कारण उघड आहे. सीझनची खरेदी जोरात, तिकडची अर्धी टीम सुट्टीवर, आणि अशात साइट आडवी झाली तर उचलायला माणूस आणायचा कुठून?

मग आपला वेब डेव्हलपर काय करतो? गोव्याचं बुकिंग मिळालं नसेल तर घरीच लॅपटॉप उघडून बसतो आणि चक्क स्वतःसाठी कोडिंग करतो. आई वैतागते, ‘अरे, सुट्टीत तरी मिटव ते!’

पण काकू, जरा थांबा. हे रिकामपण दिसतं तेवढं रिकामं नाही. तुमचा मुलगा रोज ज्या टूल्सवर पोट भरतो, त्यातली काही याच दिवसांत जन्मली आहेत.

१९८९ चा नाताळ घ्या. अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत काम करणारा गिडो व्हॅन रॉसम. ऑफिस बंद, घरी कम्प्युटर आणि हातात मोकळा वेळ. चाळा म्हणून त्यानं एक प्रोग्रामिंग भाषा लिहायला घेतली. लाडक्या ‘मॉण्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून तिचं नाव ठेवलं पायथन. आज एआयच्या दुनियेत जिच्याशिवाय पान हलत नाही, ती हीच!

पुढच्याच वर्षी, १९९० च्या नाताळपर्यंत, जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’मध्ये टिम बर्नर्स-लीच्या कम्प्युटरवर जगातला पहिला वेब ब्राउझर आणि पहिला वेब सर्व्हर चालू झाला होता. गंमत म्हणजे वेब हा ‘सर्न’चा अधिकृत प्रोजेक्ट कधीच नव्हता. साहेबानं फक्त त्याला वेळ काढून दिला. म्हणजे वेब डेव्हलपरची अख्खी नोकरीच कुणाच्या तरी मोकळ्या वेळेची कमाई!

आणि रुबी? जपानच्या युकिहिरो मात्सुमोतोनं ही भाषा २१ डिसेंबर १९९५ ला लोकांपुढे आणली. २०१३ पासून तर तिची नवी आवृत्ती दर २५ डिसेंबरला येते. जपानमध्ये त्या दिवशी साधी सरकारी सुट्टीही नसते, बरं का!

खेळायचंच असेल तर ‘अ‍ॅडव्हेण्ट ऑफ कोड’ आहे. एरिक वॅस्टल या अमेरिकन प्रोग्रामरनं २०१५ मध्ये सुरू केलेला हा खेळ. १ डिसेंबरपासून रोज एक कोडं, आपल्याकडे सकाळी साडेदहाला, ऐन चहाच्या वेळी. दहा वर्षं पंचवीस-पंचवीस कोडी रचल्यावर २०२५ मध्ये त्यानं ती बारावर आणली. कारण? कोडी रचण्यात त्याचाच मोकळा वेळ संपत होता. इतरांच्या सुट्टीची मजा कुणीतरी आपली सुट्टी घालून उभी करत असतो, ती अशी.

याची कडू बाजू डिसेंबर २०२१ मध्ये दिसली. ‘लॉगफोरजे’ या जावाच्या लायब्ररीत मोठं भगदाड असल्याचं ९ तारखेला जगजाहीर झालं. कुणीही परका माणूस तुमच्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकत होता. २८ डिसेंबरपर्यंत एकामागून एक चार दुरुस्त्या आल्या आणि जगभरच्या आयटीवाल्यांचा नाताळ त्यात वाहून गेला. बड्या-बड्या कंपन्या ज्या लायब्ररीवर विसंबून होत्या, ती सांभाळत होते मूठभर स्वयंसेवक, आपापल्या नोकऱ्या करून!

आता आपल्याकडे बघा. परदेशी क्लायंटच्या कॅलेण्डरवर दिवाळी नसते, त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कॉल लागतो. डिसेंबरात क्लायंट सुट्टीवर, तर ‘ऑन-कॉल’ला इथलीच पोरं! उरलेला फ्रीझ ‘कम्पल्सरी ट्रेनिंग’मध्ये खपतो. कोपायलटसारखी एआय टूल्स आली, तासाचं काम पंधरा मिनिटांत व्हायला लागलं. वाचलेली पाऊण तास कुठे जाते? पुढच्या तिकिटात!

आणि मग आपणच विचारतो, जगानं वापरावं असं टूल पुण्यात का बनत नाही? हुशारी कमी आहे म्हणून? मुळीच नाही. कंटाळा यायला लागणारा एक अख्खा आठवडा मिळत नाही म्हणून!

तेव्हा मॅनेजरसाहेब, फ्रीझच्या दिवसांत नवी पाचर मारू नका. कोड गोठवलाय, तर टू-डू लिस्टही गोठू द्या. आणि डेव्हलपर दोस्तांनो, ‘सुट्टीत काय बनवलं?’ या प्रश्नाचंही टेन्शन नको. नुसतं पडून राहिलात तरी बेस्ट. गिडोला तरी कुठे जग जिंकायचं होतं? त्याला फक्त सुट्टीचा आठवडा काढायचा होता!